घसा बसलेला कोंबडा आणि दातांचा डॉक्टर

"गेला," चिऊ म्हणाली, आणि पिशवीतून कीबोर्ड काढून तिने तो काउंटरवर आडवा ठेवला.

पलीकडे बसलेला माणूस सफरचंद खात होता. त्याने ते घाईघाईने खाली ठेवलं. "कोण गेला?"

"हा! सकाळपर्यंत ठणठणीत होता हो. आणि नेमकं पासवर्ड टाकायच्या वेळी याने मान टाकली. एक अक्षर उमटेल तर शपथ."

त्या माणसाने रुमालाला हात पुसले, कीबोर्ड दुकानातल्या संगणकाला जोडला आणि त्यावरून बोटं फिरवली. पडद्यावर अक्षरं पळत सुटली. एकही अक्षर मागे राहिलं नव्हतं.

चिऊ बघतच राहिली. "हे... हे कसं काय? माझ्या घरी तर मेला होता!"

"घरी काय करत होता तुम्ही दोघं?"

प्रश्न विचारताना त्याचा चेहरा इतका गंभीर होता, की तिने सगळं सविस्तर सांगायला घेतलं. घरच्या संगणकावर विंडोज काढून लिनक्स टाकलंय, स्वतः, व्हिडिओ बघून. आज ती हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली, अपडेटची ओळ टाइप केली, ती छान उमटली. मग त्याने पासवर्ड विचारला. टाकते, टाकते... काहीच नाही. अक्षर नाही, टिंब नाही, चांदणी नाही. कर्सर आहे तिथेच ढिम्म उभा.

हे ऐकता ऐकता त्या माणसाच्या ओठांचा एक कोपरा थरथरायला लागला. मग दुसरा. आणि मग त्याला राहवेना.

"तुम्ही चक्क दात काढताय!" चिऊ उसळून म्हणाली.

"तो माझा धंदाच आहे," तो डोळे पुसत म्हणाला. "वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे ना, तो माझा. दुकानाचे मालक जेवायला गेलेत, मी नुसता राखण करतोय. पण लिनक्स मीही वापरतो, म्हणून सांगतो... तिथे पासवर्ड टाकताना काही दिसतच नाही. मुद्दामच तसं ठेवलंय. मागे कोणी उभं असेल तर त्याला किती अक्षरं आहेत तेही कळू नये म्हणून. तुम्ही टाइप केलेलं सगळं त्याला पोचत होतं."

"सगळं?"

"सगळं."

चिऊचा चेहरा पडला. कीबोर्ड मेलाय अशी खात्री झाल्यावर तिने रागाच्या भरात त्यावर काय काय बडवलं होतं, ते तिचं तिलाच माहीत. "मी... शिव्या दिल्या हो त्याला," ती पुटपुटली.

"काही बिघडत नाही. चुकीचा पासवर्ड म्हणून सोडून दिल्या असतील त्याने." तो हसला, आणि तेव्हा तिला दिसलं, की दातांच्या या डॉक्टरचा स्वतःचाच एक दात शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला आहे. "पण जुनं सगळं पुसून लिनक्स टाकलंत? मग आधीची कामं?"

"ती आधीच पेन ड्राइव्हवर घेतली होती. एवढीही काही मी वेडी नाही."

"शाब्बास!" डॉक्टर म्हणाला.

हा शाब्बास पुढे दोघांना फार महागात पडणार होता. पण त्या दुपारी चिऊ न मेलेला कीबोर्ड बगलेत मारून घरी आली ती हवेत तरंगतच. कितीतरी दिवसांत तिला कोणी शाब्बास म्हटलं नव्हतं.

तिचं काम चित्रं काढायचं. आजवर तिने शाळेच्या पुस्तकांसाठी हृदयाचे कप्पे, फुलाचा उभा छेद आणि बेडकाच्या वाढीच्या पायऱ्या काढून पोट भरलं होतं. त्या पुस्तकांत चित्रकाराचं नाव शोधायला भिंग लागतं. आता मात्र एका प्रकाशिकाबाईंनी तिचं स्वतःचं पुस्तक करायचं कबूल केलं होतं. गोष्ट तिची, चित्रं तिची आणि मुखपृष्ठावर नावही तिचंच. एका कोंबड्याचा घसा बसतो आणि गावाला जागच येत नाही, अशी ती गोष्ट. गेली दोन वर्षं चिऊ त्या कोंबड्याबरोबर उठत होती आणि त्याच्याबरोबर झोपत होती. आई म्हणायची, "लग्न कर म्हटलं, तर ही कोंबडा घेऊन बसली."

चित्रं हातावेगळी झाली आणि घरचा म्हातारा संगणकही थकला. तो सुरू होईपर्यंत आईचे दोरीवरचे कपडे काढून, घड्या घालून, कपाटात जायचे. म्हणून हे लिनक्सचं धाडस. चित्रं पेन ड्राइव्हवर ठेवली, व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं तसतसं करत गेली, आणि म्हातारा टुणकन उठून बसला. चिऊला तो पहिला धक्का. पण धक्क्यांचा हंगाम तर आत्ता कुठे सुरू होत होता.

रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. बाहेर डॉक्टर उभा. तिने दुकानात सहज म्हटलं होतं, की संगणकातून आवाज येत नाही, आणि घर कुठे तेही सांगितलं होतं. त्याने ते सहज घेतलं नव्हतं.

आवाज आला. एका जागी टिचकी मारायची होती, एवढंच. मग त्याने तिची संगणकावर चित्रं काढायची पाटी जोडली. जुन्या संगणकाला त्या पाटीसाठी केवढ्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या होत्या. आता चिऊने पेन टेकवला आणि सरळ रेघ उमटली. तिच्या तोंडाचा आ झाला.

"मिटा," डॉक्टर म्हणाला. "मला सवय आहे, मी आत बघायला लागेन."

"आणि चित्रांचा प्रोग्रॅम?"

"हा घ्या. फुकट आहे. सगळंच फुकट आहे. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलंय, एकमेकांची तोंडंही न बघता."

आता आ करायची पाळी आईची होती. ती शेजारच्या खुर्चीत चष्मा लावून बसली होती. "फुकट? मग यात काहीतरी गोम आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "डॉक्टर, आता आलाच आहात तर... माझी ही डावीकडची दाढ बघता का?"

झालं. त्या दिवसापासून रविवार ठरूनच गेला. आधी आईची दाढ, मग चहा, मग लिनक्स. कधी अपडेट, कधी अक्षरांचे वळणदार नवे संच, कधी पडद्याचा रंग. डॉक्टर काहीही करण्याआधी म्हणायचा, "दुखणार नाही हं अजिबात," आणि चिऊला हसू यायचं. माउस दोघांत एकच होता. तो तिच्या हातातून त्याच्या हातात जाताना, आणि परत येताना... जरा जास्तच वेळ लागायचा.

"तुम्हाला कंटाळा नाही येत?" एकदा तिने विचारलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, खिडकीच्या काचेवर थेंब अडकून बसले होते. "आठवडाभर लोकांच्या दाढा, आणि रविवारी माझे प्रश्न."

"दाढा प्रश्न विचारत नाहीत. त्यामुळे..." तो पुढे काही बोलणार होता. पण काय ते त्याने गिळून टाकलं आणि म्हणाला, "त्यामुळे इथे जरा बदल होतो."

निव्वळ बदल! चिऊ त्या शब्दावर दोन दिवस धुमसत होती. ती या माणसाच्या प्रेमात पडली होती, गळ्यापर्यंत, आणि तो हवापालट करायला येत होता. नव्या प्रोग्रॅमवर हात बसावा म्हणून ती रोज काहीबाही काढायची, आणि काहीबाही म्हणता म्हणता डॉक्टर निघायचा. त्याचा कान. कप धरलेली त्याची लांब बोटं. संगणकामागच्या तारांत डोकं खुपसलेला डॉक्टर, मागून. हसणारा डॉक्टर, तो रेललेला दात अगदी निगुतीने काढलेला. चित्र पूर्ण झालं की ती दचकायची, पुसून टाकायची आणि कचरापेटीही रिकामी करायची. पुरावा नको.

एका शनिवारी दुपारी प्रकाशिकाबाईंचा फोन आला. पुस्तक सोमवारी छापायला जातंय, छापखान्यात एक जागा अचानक मोकळी झालीय, तेव्हा मोठ्या आकारातली सगळी चित्रं उद्या संध्याकाळपर्यंत पाठव. उद्या नाही जमलं तर मग पुढच्या वर्षीच, आणि पुढच्या वर्षीचं मी आज काही सांगू शकत नाही, असंही त्या म्हणाल्या.

"आत्ता पाठवते," चिऊ म्हणाली, आणि खणातून पेन ड्राइव्ह काढून तिने लावला.

आत कोंबडा नव्हता. एकही पान नव्हतं. होत्या त्या अनोळखी नावांच्या इंग्रजी फायली. तिने ड्राइव्ह काढला, फुंकर मारली, पुन्हा लावला. त्याच फायली. आणि मग हळूहळू, पायाच्या तळव्यांपासून वर चढत, तिच्या ध्यानात आलं. आधी तिने या ड्राइव्हवर चित्रं घेतली होती. मग व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, आता एका पेन ड्राइव्हवर लिनक्स भरा. घरात पेन ड्राइव्ह एकच होता. तिने त्याच्यावरच भरलं, आणि भरताना आधीचं सगळं पुसलं गेलं. आणि त्याच्यावरून संगणकात चढवताना संगणकही स्वच्छ पुसून घेतला. दोन्हीकडचं तिने स्वतःच्या हाताने, कौतुकाने घालवलं होतं.

दवाखान्याच्या पायऱ्या ती कशी चढली तिला आठवत नाही. डॉक्टर खुर्चीवरच्या एका धिप्पाड गृहस्थांच्या तोंडात वाकून बघत होता.

"माझा कोंबडा गेला!" दारातून चिऊ ओरडली.

गृहस्थांचे डोळे विस्फारले. तोंड उघडंच होतं, ते आणखी उघडलं.

तिने मुठीतला पेन ड्राइव्ह पुढे केला. "चित्रं याच्यावर होती."

"आणि लिनक्स?"

"...याच्यावरच."

डॉक्टरने तोंडावरची पट्टी खाली ओढली. इतका पांढरा पडलेला चेहरा तिने आधी पाहिला नव्हता. त्याचे पेशंटही एवढे पांढरे पडत नसतील. "मी शाब्बास म्हणालो तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "कुठल्या पेन ड्राइव्हवर, एवढं विचारलं असतं... दुसऱ्या दिवशी आलो असतो तर सगळंच्या सगळं परत आणता आलं असतं. मी आवाज दुरुस्त करत बसलो."

"आता नाही येणार परत?"

"येतील. बहुतेक. काही तरी. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतं. घरी जा, संगणक बंद करा, आणि हात लावू नका. एक रेघसुद्धा ओढू नका. मी उद्या सकाळी येतो."

"अअ आआ?" खुर्चीतले गृहस्थ म्हणाले.

"हो, तुमचीही दाढ आजच," डॉक्टर म्हणाला, पण त्याची नजर चिऊवरून हलली नव्हती.

रविवारी तो आपला संगणक आणि एक मोठी रिकामी डिस्क घेऊन आला. आज आईने दाढेचा विषयही काढला नाही. पुसलेलं शोधून काढणारा एक प्रोग्रॅम त्याने आधी पेन ड्राइव्ह खरवडायला लावला, मग चिऊच्या संगणकाची डिस्क. तो प्रोग्रॅम खोदत राहील, जे जे सापडेल ते ते पडद्यावर येत राहील. फक्त नावं गेलेली असतील, म्हणून एकेक बघून वेगळं करायला लागेल.

"कोंबडा मी ओळखते," आई चष्मा पुसत पुढे सरकली. "दोन वर्षं घरात होता माझ्या. तू जा, चहा टाक. इथे बसून नखं खाऊ नकोस."

चिऊ स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवला, पाणी ठेवलं, आणि पातेल्याकडे बघत उभी राहिली. बराच वेळ काही ऐकू येईना. मग आईचा आवाज आला, मोठा, खणखणीत.

"कोंबडा!"

चिऊने ओट्याची कड धरली.

"कोंबडा... परत कोंबडा... हे गाव झोपलेलं... बेडूक. बेडूक नको, डॉक्टर, तो शाळेचा... कोंबडा..."

चिऊच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. येत होता, एकेक पान करत तो परत येत होता. पहाटेची विहीर आली, घशाला पट्टी बांधलेला कोंबडा आला, घोरणारा सरपंच आला. तिने पदराऐवजी गॅसजवळचं फडकंच डोळ्यांना लावलं.

"कोंबडा," आई म्हणाली. "कोंबडा... कान."

चिऊच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"कोणाचा कान हा? ...हात. कप धरलाय. कप आपलाच आहे... कोंबडा... हे कोण पाठमोरं? ...कोंबडा, कोंबडा..." आणि मग खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज. आणि मग, कोंबडा म्हणावं त्याच सुरात, आई म्हणाली, "डॉक्टर."

पातेल्यातलं पाणी उकळून बाहेर आलं. चिऊला ते दिसत होतं, पण हात हलत नव्हता. पुसली होती! एकूण एक चित्र पुसलं होतं, कचरापेटीसुद्धा रिकामी केली होती!

ती धावत बाहेर आली तेव्हा पडद्यावर तो होता. रेललेल्या दातासकट, मनमुराद हसणारा. आणि पडद्यासमोर तोच होता, अजिबात न हसणारा. कान लालबुंद. आई एकदा चित्राकडे, एकदा माणसाकडे बघत होती.

"मी... मी पुसली होती ही," चिऊ कशीबशी म्हणाली.

"पुसलेलंच तर परत आणतोय मी," डॉक्टर म्हणाला.

आणखी एक आलं. मग आणखी एक. झोपाळलेला डॉक्टर, खिडकीपाशी उभा डॉक्टर, पावसाच्या थेंबांमागचा डॉक्टर. थांबायचं कसं ते चिऊला माहीत नव्हतं आणि ज्याला माहीत होतं तो थांबवत नव्हता.

"दात हुबेहूब आलाय," आई शेवटी म्हणाली, आणि उठली. "चहा उतू गेलेला दिसतोय. मी बघते. मला वेळ लागेल."

चिऊ गॅलरीत पळाली. कठडा धरून खालच्या रस्त्याकडे बघत राहिली. कोणीतरी सायकल लावत होतं, कोणीतरी गालिचा झटकत होतं. जगाला कशाचीच लाज नव्हती. मागे पावलं वाजली.

"एक सांगायचं होतं," डॉक्टर म्हणाला. "एक पान नाही आलं. शेवटचं. दोन्हीकडे शोधलं. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलंय."

ती वळली. आपल्याला आता धक्का बसणार, म्हणून तिने वाट पाहिली. बसला नाही, आणि याचंच तिला नवल वाटलं. "त्यात कोंबड्याला औषध देतात आणि तो आरवतो," ती म्हणाली. "मला ते कधी आवडलंच नव्हतं. आज नवं काढीन. संध्याकाळपर्यंत होईल."

"आणि दुसरं सांगायचं होतं..."

"ती चित्रं नुसती हात बसवायला होती."

"बरं."

"म्हणजे..." चिऊने कठडा सोडला. आईसमोर, त्याच्यासमोर, सगळं उघड्यावर पडलं होतं. आता लपवायचं तरी काय? "नाही. नुसती हात बसवायला नव्हती. मला तुम्ही आवडता. खूप आवडता. रविवार संपला की सोमवारपासून मी रविवारची वाट बघते. तुम्हाला हा निव्वळ बदल वाटत असेल तर तसं सांगा, म्हणजे मी एकदाचं..."

"लिनक्स शिकवायला किती दिवस लागतात, माहीत आहे?" तो मध्येच म्हणाला.

"किती?"

"तुमच्यासारखीला एक दुपार. अपडेट करायला एक बोट पुरतं. अक्षरांचे संच मी दर रविवारी एकेकच आणत होतो. एकदम दिले असते तर पुढच्या रविवारी कुठल्या तोंडाने आलो असतो? तुमच्या आईची दाढ तर पहिल्याच दिवशी बरी झाली होती."

"काय?" चिऊ किंचाळली. "पण आई तर दर रविवारी..."

"हो. मीही चक्रावलो होतो. दुखतेय का विचारलं, की त्या डोळे मिचकावून हो म्हणायच्या."

स्वयंपाकघरात एका भांड्यावर दुसरं भांडं विनाकारण आपटलं. चिऊने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला हसू येत होतं की रडू, कळत नव्हतं. बहुधा दोन्ही. त्याने तिचा एक हात हलकेच खाली घेतला आणि तो सोडायचं विसरून गेला.

"त्या दिवशी कीबोर्ड घेऊन आलात ना," तो म्हणाला, "तेव्हाच माझं काम झालं होतं. मला वाटलं, तुम्हाला मी फक्त फुकटचा मेकॅनिक. आज तिथे बसून स्वतःलाच बघत होतो तर... पेशंटांना काय होत असेल ते कळलं."

"दुखलं?"

"अजिबात नाही," तो म्हणाला.

मग ती चित्र काढायला बसली, कारण पुस्तक थांबणार नव्हतं. तो शेजारच्या खुर्चीवर बसला, माउसला हात न लावता. नव्या पानावर कोंबडा आरवत नव्हताच. तो दार लोटून गप्प बसला होता. पण बाहेर सगळं गाव जागं होऊन, अंथरुणं तशीच टाकून, त्याच्या अंगणात येऊन उभं होतं. आज हाक का आली नाही, म्हणून विचारायला. घोरणारा सरपंचसुद्धा होता. चिऊने त्या गर्दीत रंग भरले, उन्हाची एक तिरीप दारावर टाकली, आणि सूर्य मावळायच्या आत सगळी पानं प्रकाशिकाबाईंकडे रवाना केली. पाठवण्याआधी डॉक्टरने ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घेतली, आणि दोन्ही ठिकाणं तिला बोटाने दाखवली.

थोड्याच वेळात बाईंचा निरोप आला. शेवटचं पान बघून मी खुर्चीतच बसून राहिले, असं त्यांनी लिहिलं होतं. पुस्तक उद्या छापायला जातंय.

डॉक्टरने आपला संगणक पिशवीत घातला. तारा गुंडाळल्या. गुंडाळलेल्या तारा पुन्हा सोडून परत गुंडाळल्या. दारापर्यंत गेला आणि तिथे रेंगाळला.

"पुढच्या रविवारी काय शिकवणार?" चिऊने विचारलं.

त्याने बराच विचार केला. "काही नाही. खरंच काही उरलं नाही शिकवायचं."

"मग ये," ती म्हणाली.